शोध एका जहाजाचा

गेले सहा वीकेंड मी एका जहाजाच्या मागे होतो. ट्रेक नाही, पिक्चर नाही, रविवारची मिसळही नाही. लॅपटॉप उघडायचा आणि बसायचं. रूममेटला वाटलं मी नोकरी बदलतोय. शेवटी त्याने विचारलंच, "कुठे इंटरव्ह्यू चाललेत रे?" म्हटलं, "जहाज शोधतोय. १८१३ सालचं." त्यानंतर त्याने काही विचारलं नाही :)

तर त्याची ही गोष्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात झाली पोशेऱ्याला. पोशेरा म्हणजे आमचं गाव. मोखाडा तालुका, पालघर जिल्हा. (माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून ठाणे जिल्हाच आहे, पालघर वेगळा झाला २०१४ साली.) नाशिकहून त्र्यंबक आणि तिथून मोखाडा, असा आमचा नेहमीचा रस्ता. पावसाळ्यात गावचा फोटो दाखवला की ऑफिसातले सगळे "वॉव, कुठे आहे हे?" म्हणून विचारतात. एप्रिल-मेमधला फोटो मी दाखवत नाही. तेव्हा तालुक्यातल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात आणि वैतरणेचं पाणी मुंबईला चाललेलं असतं. असो, तो विषय वेगळा.

घराच्या मागच्या पडवीची यंदा पक्की खोली करायची ठरली. पैसे माझे, त्यामुळे हुकूमही माझाच. गवंडी यायच्या आधी पडवी रिकामी करायची होती. नाचणीची कणगी हलवली, जुनी सायकल काढली, आणि मग राहिलं ते बाबांचं 'सामान'. दोन चपट्या लाकडी केस आणि एक पोतं. पोतं मला एकट्याला उचलेना. त्यात शिशाचे खिळे होते, छपाईचे.

आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी हे पाहिलेलं नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरच्या आधी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा असायचा. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा, डोक्यावर उलटं अक्षर असलेला. केसमध्ये प्रत्येक अक्षराचा ठरलेला खण. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरायचा आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. इंग्रजीवाल्यांचं सोपं होतं, आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं... म्हणजे शेकडो खण. शिवाय 'डिग्री' टाइप असेल तर डोक्यावरची मात्रा वेगळी बसवायची, 'अखंड' असेल तर मात्रेसकट अक्षराचा एकच खिळा. छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात. कुठला खण कुठे हे बोटांना पाठ असावं लागतं.

माझे बाबा कंपोझिटर होते. दहावी झाल्यावर ते गावातून नाशिकला गेले आणि एका छोट्या छापखान्यात लागले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं, मोखाड्याच्या बोहाड्याची पत्रकं, सगळं त्यांनी जुळवलं. २००४ साली छापखाना बंद पडला. मालकाकडे तीन महिन्यांचा पगार द्यायचा राहिला होता. त्याने पैशांऐवजी दोन केस आणि पोतंभर खिळे दिले. आम्ही बाडबिस्तरा घेऊन पोशेऱ्याला परत आलो. मी तेव्हा दुसरीत होतो.

आता एक कबुली. छापखाना बंद व्हायच्या आधी मालकाने एक कॉम्प्युटर आणला होता आणि बाबांना सांगितलं होतं की दोन आठवड्यांत मराठी टायपिंग शीक, नाहीतर अवघड आहे. बाबा कीबोर्डचा कागद घरी आणून रात्री त्यावर बोटं फिरवायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुझ्या शाळेत कॉम्प्युटर आहे ना? त्यात 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र कसा काढतात, विचार ना बाईंना." मी बाईंना विचारलं नाही. उलट चाळीतल्या पोरांना सांगितलं, "आमच्या बाबांना कॉम्प्युटर येत नाही." सगळे हसले, मीही हसलो. बाबा दारातच उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी हे विसरलो तरी असतो.

पुढे त्याच कॉम्प्युटरने मला खायला घातलं. हॉस्टेल, इंजिनिअरिंग, कॅम्पस, मग पुणे. आणि गेल्या वर्षी माझ्याकडे एक बग आला. आम्ही फॉर्म मराठीत आणतोय. युजरने 'दुसऱ्या' शोधलं तर सापडत नाही, पण डेटाबेसमध्ये तर आहे! दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी कळलं की युनिकोडमध्ये तो अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी काढता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण आमच्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. बग बंद केला, मॅनेजरने ईमेलमध्ये कौतुक केलं. मी मात्र ते ईमेल वाचताना त्या चाळीच्या दारात जाऊन पोचलो होतो.

तर पडवी. मी बाबांना म्हटलं, "हे आता भंगारात देऊया. शिशाला भाव बरा मिळतो." ते पोत्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विकायचं तर वीक. तुझी खोली आहे. पण आधी माझं एक काम कर."

"काय?"

"आमच्याकडे एक म्हातारे कंपोझिटर होते. त्यांनीच मला हात धरून शिकवलं. ते सांगायचे, आपल्या मराठी खिळ्यांचा सगळा खटला अमेरिकेच्या मिशनऱ्यांच्या बोटीतून मुंबईला आला. ती बोट कुठली होती ते शोध. तिचा फोटो नाहीतर चित्र मिळालं तर मला बघायचंय."

आयुष्यभर उभ्याने काम केलेल्या माणसाने माझ्याकडे मागितलेलं हे पहिलंच काम. म्हटलं, त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे.

पाच मिनिटं! पोशेऱ्यात रेंज नव्हती म्हणून पुण्याला येऊन गूगलबाबांना शरण गेलो. जहाजाचं नाव दुसऱ्याच तासाला सापडलं: 'कॉमर्स'. आता तुम्हीच सांगा, 'कॉमर्स' आणि 'शिप' हे दोन शब्द एकत्र टाकल्यावर आजच्या जगात काय मिळणार? फ्री शिपिंग, कॅश ऑन डिलिव्हरी, ई-कॉमर्सचे कोर्स. पहिला वीकेंड यातच गेला.

मग जरा शहाणपणाने शोधायला लागलो. गोष्ट अशी आहे.

६ फेब्रुवारी १८१२ या दिवशी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम नावाच्या बंदरात, टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. परदेशात पाठवण्यासाठी नेमलेली अमेरिकेतली ही पहिलीच तुकडी. सगळे विशीतले, म्हणजे माझ्याच वयाचे. 'ऑनसाईट'ला निघालेली बॅचच म्हणा, फक्त रिटर्न तिकीट नसलेली. ते दोन जहाजांतून निघाले. सेलमहून 'कॅराव्हॅन', फिलाडेल्फियाहून 'हार्मनी'. 'कॅराव्हॅन' १७ जून १८१२ ला कलकत्त्याला पोचलं. दुसऱ्याच दिवशी तिकडे अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं! ती बातमी इकडे यायला काही महिने लागले, पण कंपनी सरकारला मिशनरी आधीपासूनच नको होते. त्यातून हे अमेरिकन. परत जा म्हणून हुकूम निघाला.

'हार्मनी'तून आलेल्या दोघांनी, म्हणजे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी, परत जाण्याऐवजी कलकत्त्याहून मुंबईला जाणारं जहाज पकडलं. तेच हे 'कॉमर्स'. ११ फेब्रुवारी १८१३ ला ते मुंबईत उतरले. बरोबर नॉटची बायको रोक्साना होती. मुंबईतही तेच, गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडून परत जाण्याचा हुकूम. हे दोघं किनाऱ्याने जाणाऱ्या एका गलबतातून गुपचूप कोचीनला पळाले, पकडून परत आणले गेले. अर्जावर अर्ज, पत्रांवर पत्रं. आपल्या व्हिसाची रडगाणी यापुढे काहीच नाहीत. शेवटी १८१४ पर्यंत राहायची परवानगी मिळाली. नॉट तब्येतीमुळे १८१५ मध्ये परत गेला. हॉल राहिला, मराठी शिकला. त्यांचं मिशन पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणून ओळखलं गेलं. नगरचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये सुरू केलं ते यांनीच.

छान. इतिहास मिळाला, पण चित्र?

दुसरा आणि तिसरा वीकेंड चित्रात गेला. 'कॅराव्हॅन'च्या कप्तानाचं नाव मिळालं, ऑगस्टिन हर्ड. पुढे चीनच्या व्यापारात त्याची मोठी पेढी झाली. ज्या लाकडी बाकावर ते पाच जण दीक्षेच्या वेळी बसले होते तो बाक सेलमच्या त्या चर्चने जपून ठेवलाय. मिशनची जुनी कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, हॉलने मुंबईहून लिहिलेल्या पत्रांसकट. सेलमच्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये जहाजांची चित्रं आणि रोजनाम्यांचा मोठा खजिना आहे. गंमत म्हणजे तिथे मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याचं चित्रही आहे, नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं. अमेरिकन जहाजांचे ते मुंबईतले अडते. त्यांनी १८०३ मध्ये आपला पोशाखसुद्धा सेलमला भेट पाठवला होता. म्हणजे सेलममध्ये मुंबईच्या शेटजींचा चेहरा आहे, कपडे आहेत, मिशनऱ्यांचा बाक आहे. आणि मी ज्याच्या मागे होतो त्या 'कॉमर्स'चं चित्र काही माझ्या हाती लागलं नाही. हॉल-नॉटच्या दृष्टीने ती इतिहासातली मोठी सफर, पण जहाजाच्या दृष्टीने कलकत्ता-मुंबईची एक फेरी. एसटीचा कोण फोटो काढून ठेवतो?

चौथ्या वीकेंडला मी वैतागून फोनमधले जुने फोटो चाळत बसलो होतो आणि एकदम थांबलो. जहाज माझ्या फोनमध्येच होतं!

म्हणजे झालं असं. गेल्या वर्षी मी न्यूकॅसलला तीन महिने ऑनसाईट होतो. एका रविवारी ट्रेनने तासाभरावरच्या हार्टलपूलला गेलो, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथे 'आपलं' जहाज आहे. 'एचएमएस ट्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते मुंबईत पाण्यात उतरलं आणि आजही हार्टलपूलला तरंगतंय. तरंगत्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत सगळ्यात जुनं. त्याच्या डेकवर उभं राहून मी सेल्फी काढला होता, लाकडाला हात लावून पाहिला होता, आणि खाली कॅफेत महागडी कॉफी पिऊन परत आलो होतो.

१८१७. हॉल तेव्हा मुंबईतच होता. ज्या बंदरात 'कॉमर्स' त्याला सोडून गेलं, त्याच बंदरात चार वर्षांनी हे जहाज पाण्यात उतरत होतं. तीन शिडांच्या काठ्या, दोरांचं जाळं, काळा-पांढरा पट्टा, एकदम चित्रातलं जहाज.

आणि मग मनात तो विचार आला. बाबांना हाच फोटो दाखवला तर? "हीच ती बोट" म्हटलं तर? ते कुठे तपासायला जाणारेत! त्यांचं समाधान होईल, पोतं जाईल, खोली होईल. खरं सांगतो, मी तो फोटो क्रॉप करून ठेवलासुद्धा. माझा सेल्फीतला चेहरा कापला, फक्त जहाज ठेवलं.

पाचव्या वीकेंडला मी खरं तर शोध थांबवणारच होतो. पण एक गोष्ट डोक्यात अडकली होती. बोटीतून माणसं आली, पण खिळे? ते खरंच त्या बोटीतून आले का? अ. का. प्रियोळकरांचं भारतातल्या छपाईवरचं पुस्तक आहे, १९५८ सालचं. ते आणि मिशनचा जुना इतिहास यांच्या नादी लागलो. आणि म्हाताऱ्या कंपोझिटरकाकांची गोष्ट कोसळली.

खिळे 'कॉमर्स'मधून आलेच नव्हते! मिशनचा छापखाना मुंबईत सुरू झाला १८१६ च्या शेवटी, छपाईची माहिती असलेला होरेशियो बार्डवेल आल्यावर. आणि यंत्र व नागरी खिळे मागवले ते कलकत्त्याहून. १० मार्च १८१७ ला त्यांनी पहिली आठ पानी मराठी पुस्तिका छापली. १८२६ मध्ये मराठी नवा करार पुरा झाला.

मराठी छपाई त्याहीआधी सुरू झाली होती, पण महाराष्ट्राबाहेर. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, नागपूरच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने. तिथले नागरी खिळे पाडले पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांनी. लोहारकाम करणारं घराणं. त्याच १८०५ मध्ये आपल्याकडे मिरजेला गीता छापली गेली, पण ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून. सुटे खिळे नाहीत.

मग मुंबईच्या त्या मिशनच्या छापखान्यात पुढे काय झालं ते वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. थॉमस ग्रॅहॅम नावाचा एक मुलगा तिथे कामाला होता, तो खिळ्यांचे साचे पाडायला शिकला. त्याने मराठी आणि गुजराती अक्षरं घडवली. गणपत कृष्णाजी नावाचा माणूस तिथे शिकला, त्याने स्वतः यंत्र तयार केलं आणि १८३१ मध्ये चक्क पंचांग छापलं! मिशनरी आले होते बायबल छापायला, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने एकादश्या आणि मुहूर्त छापून घरोघरी पोचवले. मग आला जावजी दादाजी. १८३९ चा जन्म, गरीब घर, लहानपणीच या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला. पगार महिना दोन रुपये. त्याने १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू या कारागिराबरोबर अशी अक्षरं घडवली की आजच्या कितीतरी देवनागरी फॉन्टांचं वळण त्यांच्याकडे बघूनच आलेलं आहे.

आणि गॉर्डन हॉल? मार्च १८२६ मध्ये तो नाशिकला गेला. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं वाटली आणि परत निघाला. वाटेत एका गावात त्यालाच पटकीने गाठलं आणि काही तासांत संपला. २० मार्च १८२६. तेरा वर्षं मुंबईत काढली, पण ज्यासाठी आला होता ते धर्मांतराचं काम म्हणावं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. पुढे राहिलं ते त्याने ज्याला बहुधा साधन समजलं असेल ते. छापखाना, आणि त्यात काळे झालेले हात.

सहावा वीकेंड. रात्रीच्या गाडीने नाशिक, सकाळी त्र्यंबक, मोखाडा, पोशेरा. गवंडी सोमवारी येणार होता. बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो आणि फोन काढला. तो क्रॉप केलेला फोटो समोर धरला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, बोटांनी मोठा करून दोर पाहिले, शिडाच्या काठ्या पाहिल्या.

"हीच का रे?"

एका शब्दाचं काम होतं. 'हो' म्हणायचं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "ती नाही सापडली. ही त्याच बंदरातली, त्याच काळातली. आणि अजून एक. तुमच्या काकांचं चुकलं होतं. खिळे त्या बोटीतून आलेच नाहीत."

मग मी सगळं सांगितलं. कलकत्ता, पंचानन लोहार, ग्रॅहॅम, गणपत कृष्णाजी. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं, जावजी दादाजींच्या वेळी.

"काय काम करायचा म्हणालास?"

"खिळे घासायचं. महिना दोन रुपये."

बाबा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना छापखान्याच्या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं. "मी पहिलं वर्षभर तेच केलं. नवीन पोराला आधी घासायलाच बसवतात. बोटाला अक्षर कळतं त्याने."

थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे बोटीतनं फक्त माणसं आली. खिळे इथल्याच लोकांनी केले."

"बरेचसे."

"हां," ते म्हणाले. "मला पण तसंच वाटायचं. बाहेरच्या माणसाला आपला ळ इतका चांगला कसा जमेल?"

मग ते उठले, पडवीत गेले आणि पोत्यात हात घालून एक मूठ खिळे घेऊन आले. स्टिक अजून होती त्यांच्याकडे, घासूनपुसून ठेवलेली. ओट्यावर बसून, उन्हाकडे धरून, एकेक खिळा पारखत त्यांनी काहीतरी जुळवायला सुरुवात केली. पाहिजे तो खिळा मिळत नव्हता तेव्हा परत पोत्याकडे. दहा-पंधरा मिनिटं गेली. मग स्टिक माझ्यापुढे धरली. "वाच."

मला वाचता येईना. सगळं उलटं. मी मोबाईलचा कॅमेरा लावून फोटो फिरवायला लागलो तर म्हणाले, "अरे, नुसतं बघ." शेवटी त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. एकच शब्द होता: 'दुसऱ्या'.

"अर्ध्या र चा खिळा वेगळा असतो," ते म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये कसा काढतात ते मला जमलंच नाही."

त्यांना तो दिवस आठवत होता का? मला विचारायचा धीर झाला नाही. मी फक्त म्हटलं, "बाबा, मलाही नव्हतं जमत. दोन दिवस लागले मला." आणि मग तो सगळा बग त्यांना समजावून सांगितला, दोन पद्धती, सारखे दिसणारे दोन वेगळे शब्द, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे कुणीतरी डिग्रीच्या खणात अखंड टाकला." इतकं अचूक निदान आमच्या टीम लीडनेही केलं नव्हतं :)

"आणि तेव्हा," मी म्हटलं, "मी बाईंना विचारलंच नव्हतं."

"माहितीये," बाबा म्हणाले. आणि स्टिकमधला शब्द सोडायला लागले.

भंगारवाल्याला फोन केला नाही. तुटलेले, झिजलेले खिळे काढून टाकायचे आणि बाकीचे केसमध्ये लावायचे असं ठरलं. गवंड्याला सांगून खोलीत एका भिंतीला दोन केस मावतील असा कोनाडा काढायला लावला. त्याने कपाळावर आठ्या घातल्या, पण केला. आई म्हणते, एवढ्या जागेत कपाट बसलं असतं. बरोबर आहे तिचं.

रविवारी दिवसभर आम्ही दोघं खिळे लावत बसलो. मी 'घ' च्या खणात 'ध' टाकत होतो, बाबा न बघता परत काढत होते. संध्याकाळी माझी बोटं काळी झाली होती, साबणाने जाईनात. सोमवारी सकाळच्या मीटिंगला मी कॅमेरा बंदच ठेवला, पण टाइप करताना सारखं लक्ष बोटांकडे जात होतं.

जहाजाचं चित्र अजून मिळालेलं नाही. आणि अर्धं पोतं अजून बाकी आहे. पुढच्या शनिवारी परत पोशेरा.